रोग-किडींचे छायाचित्र आणि दोन पैशांचा उजेड

(एक कृषी अधिकारी, बी. एस्सी. कृषी)

पीकसंरक्षणाच्या कामात निदान हे पहिले कर्तव्य होय. औषध कोणते, ते किती प्रमाणात आणि कोणत्या वेळी, हे सर्व प्रश्न निदानानंतरचे आहेत. पूर्वी निदानासाठी रोगट फांदी वा किडलेले बोंड पिशवीत घालून कचेरीत आणले जाई. आज त्या पिशवीच्या आधी छायाचित्र येऊन पोहोचते. शेतकरी आपल्या मोबाईलवर पानाचा फोटो काढतो, गावपातळीवरील कार्यकर्त्याकडे पाठवितो. तेथून तो तालुक्याच्या कचेरीत, कृषी विज्ञान केंद्रात वा विद्यापीठातील तज्ज्ञांकडे जातो. आपल्या राज्यात २००९-१० पासून क्रॉपसॅप प्रकल्पाखाली किडी-रोगांचे सर्वेक्षण होत आले आहे, आणि २०२४ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली सुरू केली. तिच्यात छायाचित्रावरून कीड ओळखण्याचे काम यंत्रबुद्धीकडे सोपविलेले आहे. अर्थात, वैद्याच्या हाती जशी रोग्याची नाडी, तसे आता तज्ज्ञाच्या हाती पिकाचे छायाचित्र आले आहे.

परंतु येणाऱ्या छायाचित्रांपैकी पुष्कळशी निदानाच्या उपयोगाची नसतात, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. कोठे पानाच्या मध्यभागी पांढरा झगझगीत डाग असतो, कोठे अळीचा केवळ काळा आकार दिसतो, कोठे सारे चित्रच धूसर आणि पिवळट असते. असे झाले म्हणजे आपण म्हणतो, "मोबाईल साधा आहे, कॅमेरा चांगला हवा." माझे मत याहून वेगळे आहे. दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा नसून उजेडाचा असतो. आणि उजेड सुधारण्यास जी साधने लागतात ती प्रत्येक खेड्यात, बहुतेक प्रत्येक घरात, आजच उपलब्ध आहेत. तेव्हा महागड्या कॅमेऱ्यांची मागणी करण्यापूर्वी आपण उजेडाचा अभ्यास करावा, हे या लेखातून मांडावयाचे आहे.

निदान चुकले म्हणजे काय होते

हा विषय छंदाचा नाही. चुनखडीयुक्त जमिनीत सोयाबीनची कोवळी पाने लोहाच्या कमतरतेने पिवळी पडतात. शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा होतो. पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या मोझॅक रोगातही पान पिवळे पडते, पण तेथे हिरवे-पिवळे चट्टे अनियमित असतात. खराब उजेडात काढलेल्या छायाचित्रात हा भेद नाहीसा होतो. मग ज्या शेतात लोहाची फवारणी हवी तेथे कीटकनाशक जाते, आणि ज्या शेतातील रोगट झाडे वेळीच उपटावयास हवीत तेथे खतावर खर्च होतो.

दुसरे उदाहरण कोळ्यांचे. पानामागील लाल कोळी आकाराने अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतात. छायाचित्रात ते न दिसल्यास पानावरील फिकट ठिपके तुडतुड्यांचे वा फुलकिड्यांचे समजले जातात आणि पायरेथ्रॉइड वर्गातील एखादे कीटकनाशक मारले जाते. या औषधांनी कोळ्यांना खाणारे मित्रकीटक मरतात व कोळी उलट वाढतात. पैसा गेला, श्रम गेले आणि रोग बळावला, अशी ही तिहेरी हानी होय. डाळिंबावरील तेलकट डाग हा जिवाणूंचा रोग आहे. त्यास बुरशीचा डाग समजून केवळ बुरशीनाशकांच्या फवारण्या घेत राहिल्यास बागेचे दुखणे हटत नाही.

अनावश्यक फवारणीचे मोल नुसते रुपयांतही मोजता येत नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरता कामा नये. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती. तथापि त्यातून एक धडा निःसंशय मिळतो: जी फवारणी करण्याची गरज नाही ती टाळणे हे माणसाच्या जिवाचे रक्षण आहे. आणि कोणती फवारणी गरजेची नाही हे अचूक निदानावाचून कळत नाही.

जवळच्या चित्राला उजेड का पुरत नाही

डोळ्याला भरपूर वाटणारा उजेड कॅमेऱ्याला अपुरा पडतो, याचे अनेकांस नवल वाटते. त्याची कारणे समजून घेतली तर उपाय आपोआप सुचतात.

पहिले कारण अगदी साधे आहे. लहान वस्तू मोठी दिसावी म्हणून आपण मोबाईल पानाच्या अगदी जवळ नेतो. त्यामुळे मोबाईलची, हाताची आणि आपल्या डोक्याची सावली नेमकी त्या पानावर पडते. म्हणजे दिवा विझवून पुस्तक वाचावयास बसण्यासारखेच हे झाले.

दुसरे कारण कॅमेऱ्याच्या घडणीत आहे. उजेड कमी असला की कॅमेरा चित्र घेण्यास अधिक वेळ लावतो. तेवढ्या वेळात वाऱ्याने पान हलते, हात कापतो, अळी मान वळविते. दुरून घेतलेल्या चित्रात ही हालचाल जाणवत नाही. पण जवळून घेतलेल्या चित्रात कीड जितकी मोठी होते तितकीच तिची हालचालही मोठी होते आणि रेषा पुसल्या जातात. शिवाय कमी उजेडात मोबाईल चित्राची संवेदनशीलता वाढवितो. त्यामुळे उमटणारे रवाळ ठिपके झाकण्यासाठी तो बारीक तपशील गुळगुळीत करून टाकतो. फुलकिड्याच्या पंखांची झालर वा कोळ्यांचे जाळे असल्या खुणा यातच नाहीशा होतात.

तिसरे कारण उजेडाच्या जातीचे. सूर्य अतिविशाल खरा, पण तो इतका दूर आहे की आकाशात आपल्याला तो रुपयाच्या नाण्याएवढाच दिसतो. एवढ्याशा ठिकाणावरून येणारा उजेड कडक असतो. त्याच्या सावल्या काळ्याभोर पडतात आणि तुकतुकीत पानावर त्याचे प्रतिबिंब झगझगते. दुपारी बाराच्या उन्हात घेतलेल्या चित्रात म्हणूनच अर्धे पान पांढरेफटक आणि अर्धे काळे येते. आकाशात पातळ ढग आले की तोच उजेड साऱ्या आकाशातून येऊ लागतो, सावल्या मऊ होतात व पानाचा खरा रंग दिसतो. उजेडाचा स्रोत वस्तूच्या मानाने जितका मोठा आणि जवळ, तितका उजेड मऊ, हा एक नियम ध्यानात ठेवला तर अर्धे काम झाले.

मोबाईलमधील झगझगाट करणारा छोटा दिवा, ज्याला आपण फ्लॅश म्हणतो, तो या नियमाच्या नेमका उलट आहे. तो वाटाण्याएवढा, भिंगाच्या शेजारीच आणि समोरून येणारा. दुरून अंधारात माणसाचा चेहरा दाखविण्यास तो ठीक. चार बोटांवरील अळीवर त्याचा उपयोग नाही. मध्यभाग जळून पांढरा होतो आणि पृष्ठभागाचा उंचसखलपणा सपाट दिसतो.

मक्यावरील अळीचे उदाहरण

अमेरिकन लष्करी अळी २०१८ साली भारतात प्रथम कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रात येऊन पोहोचली. मक्याच्या पोंग्यात शिरून ती कोवळा गाभा खाते. मक्यावर इतरही अळ्या असतात. तेव्हा हीच ती अळी, हे ओळखावे कसे? वाढ झालेल्या अळीच्या डोक्यावर इंग्रजी वाय हे अक्षर उलटे काढावे तशी फिकट खूण असते, आणि शरीराच्या मागील टोकाजवळच्या एका वलयावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांसारखे चार काळे ठिपके असतात. या दोन खुणा दिसल्या की ओळख पटते.

आता ही छायाचित्रे कशी घेतली जातात ते पाहा. पोंग्यात वाकून, भर उन्हात, फ्लॅश लावून चित्र घेतले जाते. पोंग्यात अळीची विष्ठा भरलेली असते, अळी त्यात अर्धी बुडालेली असते आणि तिच्या तुकतुकीत डोक्यावर फ्लॅशचा ठिपका चमकतो. नेमकी तीच जागा, जेथे उलटी खूण पाहावयाची, ती जळून जाते. असे चित्र तज्ज्ञाकडे गेले तरी तो काय सांगणार? यंत्रबुद्धीही न दिसलेली खूण पाहू शकत नाही.

हेच चित्र पुढीलप्रमाणे घ्यावे. अळी काडीने अलगद बाहेर काढून पांढऱ्या कागदावर ठेवावी. कागद झाडाच्या वा आपल्या शरीराच्या सावलीत धरावा, परंतु वर मोकळे आकाश असावे. ज्या बाजूने आकाशाचा उजेड येत आहे त्याच्या विरुद्ध बाजूस दुसरा पांढरा कागद उभा धरावा. मोबाईल थोडा दूर ठेवून चित्र घ्यावे व मागाहून हवा तेवढा भाग कापून मोठा करावा. एक चित्र डोक्याचे, एक मागील टोकाचे, एक संपूर्ण अळीचे. खर्च किती? वहीतील दोन पाने. या दोन पानांनी जे साधते ते नव्या कॅमेऱ्याने साधेलच असे नाही.

स्वस्त साधने व त्यांचा उपयोग

(१) मोकळी सावली. सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत चांगला उजेड हाच. गोठ्याच्या दारात, झाडाच्या कडेला वा घराच्या उत्तरेकडील भिंतीलगत उन्हाची तिरीप नसते, पण आकाश उघडे असते. दाट झाडाखाली मात्र जाऊ नये. तेथे उजेड पानांतून गाळून येतो व सर्वच वस्तूंवर हिरवी छटा चढते.

(२) पांढरा कागद अथवा थर्मोकोलचा तुकडा. सावलीची बाजू उजळण्यासाठी याचा उपयोग करावा. चहाच्या वा बिस्किटांच्या पुड्यातील चंदेरी कागद पुठ्ठ्यावर चिकटवून घेतल्यास उजेड अधिक परततो, पण तो कडकही होतो. म्हणून चंदेरी कागद आधी थोडा चुरगाळून मग पसरावा. रंगीत वस्तू मात्र जवळ आणू नये. लाल लुगडे वा निळा सदरा यांवरून परतणारा उजेड पानावर रंगाची छटा टाकतो आणि निरोगी पानही लालसर दिसू लागते.

(३) पातळ पांढरे कापड. शेतातून झाड हलविता येत नसेल व ऊन कडक असेल, तेव्हा सोबत्याने पांढऱ्या धोतराचे वा पंचाचे टोक झाडावर ताणून धरावे. ऊन त्यातून गाळून येते आणि कापड हेच उजेडाचे मोठे, मऊ उगमस्थान बनते. पांढरी छत्रीही चालेल. काळी छत्री केवळ सावली देते. तीही कडक उन्हापेक्षा बरी.

(४) दह्याचा वा तेलाचा पांढरा प्लास्टिक डबा. तळ कापून काढावा व झाकणाच्या जागेतून मोबाईलचे भिंग आत पाहील असे करावे. पान वा बोंड आत ठेवून डबा वर झाकला की चारही बाजूंनी सारखा, सावलीविरहित उजेड मिळतो आणि वाराही अडतो. डबा दुधी रंगाचा व अर्धपारदर्शक असावा, रंगीत नसावा. पिठ्या ढेकूण, खवले कीड व तुकतुकीत पाठीचे भुंगे यांच्या चित्रास हा डबा विशेष उपयोगी पडतो.

(५) विजेरी. ढगाळ दिवसांत, संध्याकाळी अथवा दाट पिकात विजेरी लागते. साधी पांढऱ्या उजेडाची एलईडी विजेरी किंवा सोबत्याच्या मोबाईलचा दिवा पुरेसा आहे. दोन गोष्टी मात्र पाळाव्यात. उजेड समोरून न टाकता बाजूने टाकावा. आणि विजेरीपुढे पातळ ट्रेसिंग कागद वा पांढऱ्या कापडाचा तुकडा धरावा. उजेड कमी पडला तर विजेरी जवळ आणावी. विजेरीसारख्या लहान दिव्याचे अंतर निम्मे केले की वस्तूवर पडणारा उजेड सुमारे चौपट होतो. म्हणून अधिक शक्तीचा दिवा विकत घेण्यापेक्षा आहे तो दिवा एक वीत पुढे सरकविणे शहाणपणाचे.

(६) दगडी पाटी. मुलांच्या शाळेची काळी पाटी ही उत्तम पार्श्वभूमी होय. पांढरी माशी, पिठ्या ढेकूण, बुरशीचे पांढरे तंतू आणि कोळ्यांची जाळी काळ्या पाटीपुढे स्पष्ट उठून दिसतात. मावा, भुंगे व काळपट अळ्यांना पांढरा कागद घ्यावा. येथे कॅमेऱ्याचा एक स्वभाव ध्यानात ठेवावा. पांढरी पार्श्वभूमी पाहून तो चित्र काळपट करतो व काळी पाहून फिकट करतो. म्हणून मोबाईलच्या पडद्यावर किडीवरच बोट टेकवावे आणि उजळपणा हाताने कमी-जास्त करावा.

बाजारात वर्तुळाकार दिवे मिळतात व त्यांची जाहिरातही पुष्कळ आहे. ते निरुपयोगी आहेत असे माझे म्हणणे नाही. परंतु त्यांचा उजेड सर्व बाजूंनी सपाट पडतो, त्यामुळे बुरशीचा भुरकट थर वा तांबेऱ्याचे उठावदार फोड लपतात आणि तुकतुकीत पृष्ठभागावर गोल कडे चमकते. वरील सहा साधने वापरून झाल्यावरच त्याचा विचार करावा.

उजेडाची दिशा ही निदानाची भाषा

उजेड किती, याइतकेच उजेड कोठून, हे महत्त्वाचे आहे. प्रत्येक लक्षणाला त्याची त्याची दिशा असते.

तिरपा उजेड पृष्ठभागावरील उठाव दाखवितो. द्राक्षाच्या पानावरील भुरी, गव्हावरील तांबेऱ्याचे फोड, पानावरील लव यांसाठी सकाळचे कलते ऊन वा बाजूने धरलेली विजेरी उत्तम. नांगरटीची ढेकळे दुपारपेक्षा सकाळ-संध्याकाळी अधिक उठून दिसतात, तोच हा न्याय. सकाळी किडीही सुस्त असतात. मात्र दंव सुकल्यावर चित्र घ्यावे, नाहीतर दंवबिंदूंचीच चमक येते.

पाठीमागून येणारा उजेड पानाच्या अंतरंगातील गोष्टी दाखवितो. डाळिंबाच्या पानावरील तेलकट डाग उजेडाकडे धरून पाहिल्यास पाणी शोषल्यासारखे अर्धपारदर्शक दिसतात. नागअळीचे बोगदे व कधीकधी आतील अळीसुद्धा अशा उजेडात दिसते. लोहाच्या कमतरतेत हिरव्या शिरांचे जाळे याच रीतीने स्पष्ट होते. द्राक्षावरील केवड्याचे पिवळसर तेलकट ठिपके पानाच्या वरच्या बाजूने, उजेडाकडे धरून घ्यावेत, आणि खालची पांढरी बुरशी तिरप्या उजेडात वेगळी घ्यावी. अशा वेळी सूर्यबिंबाकडे थेट पाहू नये व कॅमेराही रोखू नये. उजळ आकाशाकडे पान धरणे पुरेसे आहे.

टोमॅटो वा वांग्याची झाडे एकाएकी मरू लागली तर खोडाचा ताजा काप स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात धरून पाहतात. मर जिवाणूजन्य असेल तर कापातून दुधासारखे तंतू पाण्यात उतरतात. याचे चित्र साध्या उजेडात उमटत नाही. पेल्यामागे काळी पाटी ठेवून बाजूने विजेरी टाकावी. तंतू स्पष्ट दिसतात. पेला, पाटी आणि विजेरी या तीन वस्तूंत एका महत्त्वाच्या परीक्षेचा पुरावा सिद्ध होतो.

रंगाची फसवणूक

पिकाच्या दुखण्यात रंग हेच मोठे लक्षण असते, आणि उजेडाचा रंग बदलला की पानाचा रंग बदलतो. दुपारचे ऊन सुमारे ५५०० केल्विन मापाचे, तर तारेचा जुना पिवळा दिवा सुमारे २७०० केल्विनचा असतो. त्या दिव्याखाली घेतलेल्या चित्रात हिरवे पान पिवळट आणि पांढरी बुरशी तांबूस दिसू शकते. हिरव्या शेडनेटखाली वा निळ्या ताडपत्रीखाली तोच प्रकार घडतो. मोबाईल आपल्या परीने रंग सुधारू पाहतो, पण त्याचा अंदाज नेहमी बरोबर येतोच असे नाही.

यावर सोपा उपाय असा की प्रत्येक चित्रात पानाशेजारी पांढऱ्या कागदाचा एक तुकडा दिसू द्यावा. पाहणारा तज्ज्ञ त्या कागदावरून उजेडाचा रंग ओळखतो. त्याच कागदावर मिलिमीटरच्या रेघा असलेली पट्टी ठेवली तर किडीचे मापही कळते. पट्टी नसल्यास ज्वारीचा दाणा ठेवावा. दोन निरनिराळ्या रंगांचे उजेड एकाच वेळी पडू देऊ नयेत. रंग खुलविणारी सजावटीची सोय बंद ठेवावी. शक्य असल्यास संदेशाबरोबर फोटो न पाठविता तो फाईल म्हणून पाठवावा, कारण संदेशातून जाताना चित्र आक्रसून त्यातील बारकावे जातात.

आक्षेपांचा विचार

"हल्लीचे मोबाईल सर्व काही आपोआप करतात," असा एक आक्षेप घेतला जातो. यंत्र आहे त्या उजेडाचा उत्तम उपयोग करते, हे खरे. परंतु नसलेला उजेड व झाकलेली खूण ते निर्माण करू शकत नाही. आणि पुष्कळशा स्वस्त मोबाईलमधील जवळच्या चित्रासाठी दिलेला वेगळा छोटा कॅमेरा मुख्य कॅमेऱ्यापेक्षा दुबळा असतो. मुख्य कॅमेऱ्याने थोडे दुरून घ्यावे किंवा त्याच्यापुढे आपल्या खिशातील दहापट भिंग टेकवावे, हेच अधिक फलदायी.

"कार्यकर्त्याला इतका वेळ कोठे?" हा दुसरा आक्षेप. त्याच्याकडे गावे अनेक आणि कामे त्याहून अनेक, हे मी जाणतो. पण चार निरुपयोगी चित्रे पाठवून, उत्तराची वाट पाहून, पुन्हा शेतात जाण्यात जो वेळ जातो त्यापेक्षा सावलीत दोन मिनिटे घालवून एक चांगले चित्र घेणे स्वस्त पडते. शेतकऱ्याच्या दृष्टीने तर हे दोन-तीन दिवस फार मोलाचे असतात.

"छायाचित्रावर विसंबू नये, तज्ज्ञांनी शेतात यावे," हा तिसरा आक्षेप. आणि त्यात पुष्कळ तथ्य आहे. मुळांवरील सूत्रकृमी, विषाणूंचे प्रकार, जमिनीतील क्षार यांचा निर्णय चित्रावरून होत नाही. त्यास नमुना व प्रयोगशाळाच हवी. परंतु कोठे आधी धावून जावयाचे, हे ठरविण्यास चांगले छायाचित्र मदत करते. वाईट छायाचित्र मात्र नसलेल्या छायाचित्राहून घातक ठरते, कारण ते पाहून आपणांस निदान झाल्याचा भास होतो.

काय करावे

माझ्या मते साधनखरेदीत महागड्या कॅमेऱ्याला पहिले स्थान नसावे. गावपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याच्या पिशवीत एक दहापट भिंग, एक विजेरी, ट्रेसिंग कागद, दोन पांढरे पुठ्ठे, एक लहान काळी पाटी आणि एक पट्टी असावी. एका कॅमेऱ्याच्या किमतीत अशा पुष्कळ पिशव्या तयार होतील आणि एका कचेरीतील कपाटाऐवजी अनेक गावांच्या बांधांवर त्यांचा उपयोग होईल. कॅमेरा बिघडला तर तो दुरुस्तीस जातो; पुठ्ठा फाटला तर दुसरा मिळतो.

प्रशिक्षण वर्गात पीकसंरक्षणाच्या तासाबरोबर उजेडाचाही एक तास असावा. एकच रोगट पान घेऊन ते भर उन्हात, फ्लॅशने, सावलीत, तिरप्या उजेडात व पाठीमागील उजेडात अशा पाच रीतींनी चित्रित करावे आणि पाचही चित्रे शेजारीशेजारी दाखवावीत. यापेक्षा अधिक व्याख्यानाची गरज नाही. शेतीशाळेतही हा प्रयोग करावा. घरातील शाळकरी मुलामुलींना तो शिकविला तर ती वडीलधाऱ्यांना सहज शिकवितील, कारण मोबाईल त्यांच्या हाती अधिक सराईतपणे चालतो.

शेतकरी बंधू-भगिनींनी एवढे करावे: प्रत्येक तक्रारीसाठी तीन चित्रे पाठवावीत. एक संपूर्ण झाडाचे वा शेताच्या त्या भागाचे, दुसरे रोगट फांदीचे वा पानाचे दोन्ही बाजूंनी, आणि तिसरे किडीचे वा डागाचे अगदी जवळून. सोबत पीक, वाण, पेरणीची तारीख आणि आधी झालेल्या फवारण्या लिहाव्यात. नुकतीच फवारणी झालेल्या शेतात चित्रासाठी शिरू नये; औषधाच्या डब्यावर सांगितलेला काळ जाऊ द्यावा.

पुसा येथे १९०५ साली कृषी संशोधन संस्था स्थापन झाली, तेव्हा किडींची चित्रे चित्रकार हाताने रंगवीत. मॅक्सवेल-लेफ्रॉय यांचा भारतीय कीटकांवरील मोठा ग्रंथ १९०९ साली निघाला, तोही अशा चित्रांनी सजलेला होता. कोणती खूण दाखवावयाची हे तो चित्रकार आधी डोळ्यांनी ठरवी व मग कुंचला उचली. आपल्या हाती आज कुंचल्याऐवजी मोबाईल आहे आणि चित्र क्षणात निघते. पण कोणती खूण दाखवावयाची आणि तिच्यावर उजेड कसा पाडावयाचा, हे ठरविण्याचे काम आजही माणसाचेच राहिले आहे.

येत्या हंगामात पिकावर काही नवे दिसले की मोबाईल काढण्यापूर्वी क्षणभर थांबावे. ऊन कोठून येते आहे, सावली कोठे पडते आहे, पांढरा कागद कोठे धरता येईल, एवढे पाहावे आणि मगच चित्र घ्यावे. त्या क्षणभराच्या विचाराने एखादी व्यर्थ फवारणी टळली, तरी दोन पैशांच्या उजेडाने आपले काम केले असे समजावे.